सात कोटी एकोणचाळीस लाख

चक्कीवाल्या मोनूने गव्हाचा डबा काट्यावरून उतरवून रांगेत सरकवला आणि पितळी बिल्ला विनोदिनीच्या तळहातावर ठेवला. “संझा को ले जाना, मॅडम. आज लाइट का कोई भरोसा नहीं.” बिल्ल्यावर ९१ कोरलेलं होतं. कुंभारणीकडून माठ घेताना बाई जसा तो बोटाने वाजवून पाहते, तसा तिच्या मनाने तो आकडा वाजवून पाहिला. न सांगता, न विचारता. दिसेल तो आकडा वाजवायचा, ही त्या मनाची लहानपणापासूनची खोड. दुकानाची पाटी असो, मोटारीचा नंबर असो, फोनवर आलेला ओटीपी असो. आणि मन म्हणालं, पक्का आहे. फुटत नाही. मूळ संख्या. तिला उगाच बरं वाटलं. आजच्या दिवशी हातात न फुटणारा आकडा यावा हे चांगलंच, असं म्हणत तिने बिल्ला पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला, कोपऱ्यावर गिलकी घेतली, कोथिंबीर घेतली, देवीच्या टेकडीकडे बघून नेहमीचा अर्धा नमस्कार केला, आणि रस्ता ओलांडायला पाऊल उचललं तेव्हा कुठूनसं, पाठीमागून कुणी पदर ओढावा तसं आलं: तेर साते एक्याण्णव. ती रस्त्याच्या मधोमध थांबली. एक स्कूटर अंगावरून जाता जाता राहिली. “ओ आंटी, मरना है क्या?” स्कूटरवरची मुलगी ओरडून गेलीसुद्धा. विनोदिनी मागे फिरून रस्त्याच्या कडेला आली.

एक्याण्णव! दुसरा कुठला आकडा असता तर गोष्ट वेगळी होती. देवासच्या मुलींच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं, हिंदीतून, आणि अभाज्य म्हणजे मूळ संख्यांचा धडा आला की ती फळ्यावर सगळ्यात आधी हाच आकडा लिहायची. “लड़कियो, ये देखो. दिखने में सीधा-सादा, ना दो से कटता, ना तीन से, ना पाँच से. सब इसको अभाज्य समझके घर ले आते हैं. और ये निकलता है ठग. सात तेरह का बेटा.” मुली खिदळायच्या. अजूनही भाजी बाजारात एखादी लेकुरवाळी बाई मागून हाक मारते, ठगवाली मॅडम, ओ ठगवाली मॅडम, पहचाना क्या? आणि आज तोच ठग तिच्या तळहातावर येऊन बसला, तिने त्याला ओळखलं नाही, उलट घरात घेतला. नवख्या माणसाला ओळखलं नाही तर वेगळं. जो चोर आपण साऱ्या गावाला दाखवत फिरलो, त्याच्याच हाती किल्ल्या दिल्या की माणसाने काय समजायचं?

आणि तेही आज. आज दुपारी तिला धारला जाऊन उमाताईला आणायचं होतं. उमाताई तिची थोरली बहीण. दोघींत वयाचं अंतर बरंच, म्हणून आई गेल्यावर वेणी तिनेच घालायची आणि कानही तिनेच पिळायचा. कन्नौदला दिली होती, मूलबाळ झालं नाही, यजमान गेल्यावर माहेरी धारला परत आली आणि भावाच्या घरात भावाची मुलं वाढवत राहिली. भाऊही गेला. आता त्याचा मुलगा यशराज आणि त्याची बायको लतिका दोघंही कामावर जातात, आणि उमाताई विसरत चालली आहे. आधी ती मोबाइल विसरली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग करोनाचे दिवस विसरली, सगळ्यांना वाटलं, बरं झालं. मग यजमान गेले हे विसरली आणि रोज संध्याकाळी त्यांची वाट पाहू लागली. मग यजमानच विसरली आणि वाट पाहणं थांबलं. मग कन्नौद गेलं. गेल्या महिन्यात ती चपला न घालता मुंज तलावाच्या काठी सापडली, “शाळा सुटली का हो?” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. तेव्हा विनोदिनीने फोनवर यशराजला सांगून टाकलं, मी नेते तिला माझ्याकडे. मी एकटीच आहे, रिकामी आहे, डोकं शाबूत आहे. डोकं शाबूत आहे, असं ती खरंच म्हणाली होती. आत्ता रस्त्याच्या कडेला उभं राहून ते वाक्य तिला स्वतःच्या आवाजात ऐकू आलं, आणि त्या आवाजातली ऐटही. एकाच आईच्या पोटच्या दोघी. जे थोरलीच्या डोक्यात शिरलं ते धाकटीच्या दारात येऊन उभं असेल तर? गॅस चालू राहिला तर तो बंद कोण करणार, जी विसरली ती, की जी आपण विसरलो हे विसरणार आहे ती?

इंदूरला गंगवालवर बस बदलून ती धारवरून जाणाऱ्या सरदारपूरच्या गाडीत खिडकीपाशी बसली आणि तिने स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नव्हतं. डॉक्टर लोक म्हणे घड्याळ काढायला सांगतात, आजचा वार विचारतात. तसल्या प्रश्नांवर तिचा विश्वास नव्हता. तिच्या घराण्याची परीक्षा वेगळी होती. तिचे वडील, मोरोपंत, धारला शाळेत गणिताचे मास्तर. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की मुलांनी हात जोडून शुभंकरोति म्हणायचं आणि मग परवचा: पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी. धारमध्ये मराठी घरांत तेव्हा ही रीतच होती, दरबार गेला तरी परवचा गेला नव्हता. पण दादांच्या घरी परवच्याला एक शेपूट होतं. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी एका संख्येबद्दल वाचलं होतं, वाचून विश्वास बसला नाही म्हणून स्वतः पडताळत बसले होते, सुट्ट्यांमागून सुट्ट्या, पाठकोऱ्या कागदांवर, आणि अखेरीस पटल्यावर ती संख्या त्यांनी देवाच्या नावासारखी घरात आणली. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. “ही फुटत नाही,” दादा म्हणायचे. “बरं, न फुटणाऱ्या संख्या पुष्कळ आहेत, त्यात काय मोठं? गंमत पुढे आहे. हिचा शेवटचा आकडा टाका. उरलेली फुटत नाही. पुन्हा शेवटचा टाका. तरी फुटत नाही. टाकत जा, टाकत जा, पार एकच आकडा उरेपर्यंत. शेवटचं जातं, आधीचं राहतं, आणि जे राहतं ते दर खेपेला आख्खं असतं.” उमाताईने विचारलं होतं, “आणि दादा, पुढे लावला एखादा आकडा तर?” दादांना हा प्रश्न फार आवडला होता. एक किंवा सात लावलास तर तिनाने फुटते, तीन किंवा नऊ लावलास तर तिला फोडणारा जरा लांब बसलेला असतो, पण असतो. बाकीचे आकडे लावायची तर सोयच नाही. अशा जातीच्या संख्यांमध्ये ही सगळ्यात मोठी. हिच्यापुढे वाढ नाही, बाई. हिला आता फक्त कमी व्हायचं आहे.

हिला आता फक्त कमी व्हायचं आहे. बेटमा गेलं, शेतांतून गव्हाची कापणी होऊन गेलेली, खुंटांवर ऊन पडलेलं, आणि विनोदिनीला हे वाक्य आज असं लागलं की जणू दादांनी ते तेव्हा संख्येबद्दल म्हटलंच नव्हतं. तेव्हा मात्र दोघी हसल्या होत्या. दोघींनी आळीपाळीने म्हणायचं असा नियम होता. देवासला पूर्वी राज्याच्या दोन पात्या होत्या ना, तशी दादा हाक मारायचे, “थोरली पाती, सुरू कर!” उमाताई सुरू करायची, सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मग “धाकटी पाती!” की विनोदिनीने म्हणायचं, त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. थोरलीने सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव. धाकटीने त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. असं उतरत उतरत थोरलीच्या वाट्याला त्र्याहत्तर यायचे आणि धाकटीच्या वाट्याला नुसते सात. रोज. मोठ्ठी संख्या नेहमी ताईला आणि मला उरलेला एक आकडा, म्हणून विनोदिनी एकदा रडली होती, तर उमाताईने तिची समजूत काढायला जात्यावरच्या चालीत ओवी रचली होती. घरी जातं नव्हतं तेव्हा, चक्कीच होती, पण चाल आईच्या तोंडची लक्षात होती:

सात कोटी गं चांदण्या, एकोणचाळीस लाख पाखरं,
एकोणचाळीस हजार लेकरं, एकशे तेहतीस सासरं.

“एवढी सासरं कोण नांदणार गं?” दादा हसून हसून विचारायचे. आणि त्या सगळ्यांतून ताईच्या वाट्याला आलं एकच, तेही आता तिला आठवत नव्हतं. विनोदिनीने तर लग्नच केलं नाही. तिला एकाएकी वाटलं की चांदण्या, पाखरं, लेकरं ही सगळी त्या संख्येतून गळून गेली आणि बसच्या खिडकीत आपण ती शेवटची संख्या होऊन बसलो आहोत. मग तिने मान झटकली. परीक्षा. सात हजार तीनशे त्र्याण्णव घेऊ. याला पडताळायचं तर त्र्याऐंशीपर्यंत जावं लागतं, पुढे नाही, एकोणनव्वदचा वर्ग मोठा होतो. दोन, तीन, पाच नाहीत. सात? साताने सात हजार तीनशे ब्याण्णव जातात, एक उरतो. अकरा? पुन्हा ब्याण्णवच जातात, पुन्हा एक उरतो. हा ब्याण्णव किती मनमोकळा, दोनाला दार उघडं, तिनाला उघडं, साताला, अकराला उघडं. आणि त्याला खेटून राहणारा त्र्याण्णव कुणालाच आत घेत नाही. शेजार शेजार, एका भिंतीचा फरक. तेराने नऊ उरतात. सतराने पंधरा. एकोणिसाने दोन. तेविसाने दहा. घाटाबिल्लोदला बस थांबली, कुणी काकड्या विकायला चढलं, शेजारच्या बाईने “दीदी, थोड़ा सरको” म्हटलं, ती सरकली, आणि धागा सुटला नाही. सदतिसाने तीस. त्रेचाळिसाने चाळीस, हा जवळ जवळ आत शिरला होता. एकसष्टने बारा. सडुसष्टने तेवीस. त्र्याहत्तरने वीस. आणि शेवटी त्र्याऐंशी: एकोणनव्वद वेळा घेतलं की सात हजार तीनशे सत्त्याऐंशी, उरले सहा. नाही फुटत! तिच्या तोंडून मोठ्याने निघालं. शेजारची बाई दचकली. “क्या नहीं फूटता, दीदी?” “कुछ नहीं. नारियल,” विनोदिनी म्हणाली आणि तिला स्वतःचंच इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. डोकं शाबूत होतं. ज्याला एवढं जमतं त्याचं काय बिघडणार? सकाळचा तो एक ठसका होता, दुसरं काही नाही. उन्हात निघालो, न्याहारी केली नव्हती. धारचा किल्ला दिसू लागेपर्यंत तिने स्वतःला पुरतं माफ केलं होतं.

तरीही, यशराजने दार उघडलं, पाया पडला, पाणी दिलं, आणि ती न ठरवता बोलून गेली. “अरे यशू, आज ना मी एक्याण्णव चुकले.” “एक्याण्णव मतलब? इक्यानवे?” “हो. मला वाटलं मूळ संख्या आहे.” यशराज तिच्याकडे बघत राहिला, पुढचं काहीतरी येईल म्हणून. पुढचं काही आलं नाही तेव्हा तो मनापासून हसला. “अरे आत्या! मी तर रोज मॉलमध्ये गाडी कुठे लावली तेच विसरतो. तू पण ना, फालतूचं टेन्शन घेते.” त्याचं खरंच होतं. एक्याण्णव चुकणं म्हणजे काय हे आता या जगात समजणारं कुणी राहिलं नव्हतं. घर पेटलंय असं सांगावं आणि समोरच्याने, कुठलं हो घर, तिथे तर माळ आहे, म्हणावं, तसं झालं. तिने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. तो सांगत होता, सामान बांधून ठेवलंय, औषधं वरच्या खणात, मी आणि लतिका बोललो आत्या, आम्हाला फार वाईट वाटतं पण तूच आहे म्हणून, दुसऱ्या कुणाच्या हाती तर आम्ही दिलंच नसतं. तू म्हणजे एकदम पक्की. मी अंधार पडायच्या आत दोघींना गाडीने सोडून येतो. त्याच्या तोंडून पक्की हा शब्द आला आणि विनोदिनीला पर्समधल्या बिल्ल्याचं वजन मांडीवर जाणवलं.

उमाताई मागच्या खोलीत पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून, पायांना जमीन लागत नसल्यासारखे ते हलवत. केस लतिकाने विंचरून दिले असावेत, दोन वेण्या घातल्या होत्या. तिला तशाच हव्या असतात म्हणे आताशा. विनोदिनीने तिच्या पायांना हात लावला. “या,” उमाताई म्हणाली, परक्या बाईला म्हणावं तसं, फार अदबीने. “बसावं. आपण कुठल्या?” “देवासची.” “थोरल्या पातीच्या की धाकट्या?” जुन्या माणसांचा हा प्रश्न तिच्या ओठांवर तयारच होता. “धाकट्या,” विनोदिनी म्हणाली आणि ओळखीची एखादी लकेर उमटते का ते पाहत थांबली. काही उमटलं नाही. “दादा शाळेतून यायचेत अजून,” उमाताई म्हणाली. “तोवर आपण चहा घ्यावा. आमची आई वारली, मी करते.” पण ती उठली नाही, पाय हलवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर कसली काळजी नव्हती. काळजी करणारं माणूसच निघून गेलं होतं, आणि मागे घर स्वच्छ झाडून ठेवलेलं. विनोदिनीला ते पाहवेना. तिने हलक्या आवाजात, स्वतःला धीर द्यावा म्हणूनच जणू, म्हटलं, “सात कोटी एकोणचाळीस लाख...” आणि उमाताईने तिला पुढे जाऊच दिलं नाही. “एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस,” ती घाईने म्हणाली, “तुमचा नंबर दुसरा, पहिला माझा असतो. त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा, सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव, त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस,” दोघींच्या वाटचं एकटीनेच, ओढ्याचं पाणी दगडावरून उतरावं तसं न अडखळता, थेट सातापर्यंत. मग वर, कुणी न विचारता, तेराचा पाढा सगळा, तेर आठे चारोदरशे, तेर नव्वे सतरोदरशे, जुन्या बोलीतला, जो विनोदिनीलासुद्धा आता जरा थांबूनच म्हणावा लागला असता.

विनोदिनी पर्स बाजूला ठेवून पलंगाच्या कडेला बसली. बसमध्ये आपण काय सिद्ध केलं? जिला समोर बसलेली सख्खी बहीण कळत नाही, तिला हे सगळं येतं, आपल्याहून जलद येतं. पाढे तर हिच्यात शेवटपर्यंत राहणार आहेत, नाव गेल्यावरही. म्हणजे पाढे येतात याचा अर्थ डोकं शाबूत असा नव्हे. ज्या कडीला धरून ती सकाळपासून उभी होती ती कडी भिंतीत बसवलेलीच नव्हती, नुसती हातात होती. नाही, नाही, ती स्वतःशी म्हणाली, पण मी बसमध्ये पाठ म्हटलं नाही, मी पडताळलं, भागून पाहिलं. भागणं आणि पाठ म्हणणं एक नाही. आणि लगेच आतला तो मास्तरीण आवाज म्हणाला, त्र्याहत्तरने वीस उरतात हे तू भागून काढलंस, की लहानपणी दादांच्या पुढ्यात काढलेलं आठवलंस? तिला सांगता येईना. खरंच सांगता येईना. विचार करणं कुठे संपतं आणि आठवणं कुठे सुरू होतं, ही रेघ तिने कधी पाहिलीच नव्हती. हयातभर त्या रेघेवरून ये-जा केली आणि ती आहे हे आज कळत होतं. बाहेर यशराज पिशव्या गाडीत टाकत होता. “आत्या, निघू या ना?” आत्ताच सांगायला हवं होतं. माझा भरवसा धरू नकोस. दुसरी काही सोय बघ. पण दुसरी सोय म्हणजे इंदूरचं एखादं वृद्धांचं घर, जिथे एका ओळीत पलंग असतात आणि दिवेलागणीला टीव्ही लावतात. तिथे हिने सात कोटी म्हटलं तर पुढचं कोण म्हणणार?

उमाताई दरम्यान विनोदिनीच्या पर्सशी खेळू लागली होती, लहान मूल आल्यागेल्याची पिशवी उचकतं तशी. चष्म्याचं घर, रुमाल, बसचं तिकीट, आणि मग बिल्ला. पितळेचा, गोल, चकचकीत. तो तिने डोळ्यांजवळ नेला. “एक्याण्णव,” ती म्हणाली. विचारू नये असं वाटत असतानाच तिने विचारलं, “फुटतो का हो हा?” “तेर साते,” उमाताईने मान वर न करता सांगितलं. “मला वाटलं, फुटत नाही,” विनोदिनी म्हणाली. जगात ज्या एका माणसाला हे सांगण्यात काही अर्थ होता त्याला तिने सांगितलं, आणि त्याला ते कळणार नाही हे धरूनच सांगितलं. उमाताईचे पाय हलायचे थांबले. तिने बिल्ला खाली केला. तिचे डोळे विनोदिनीच्या तोंडावरून फिरले, पांढऱ्या केसांवरून, चष्म्यावरून, आणि त्यांच्यामागे कुठेतरी जाऊन ठरले. “विने!” ती कडाडली. “परत? परत एक्याण्णव? किती वेळा सांगायचं गं तुला! तेर सक अठ्ठ्याहत्तर म्हटलं की एकदम आठेवर उडी मारतेस, साते गाळतेस. रोज गाळतेस. आणि मग दादांनी विचारलं की म्हणतेस, नाही फुटत. कान इकडे आण.” आणि तिने खरोखरच विनोदिनीचा कान धरला. सुरकुतलेली, थंडगार बोटं होती. दुखलं.

विनोदिनी तशीच बसून राहिली, कान ताईच्या हातात. आधी जे आलं ते आनंदाचं भरतं होतं. मला ओळखलं! आणि पाठोपाठ दुसरं सुख, अधिक चोरटं: म्हणजे ही चूक नवी नाही. रोग नाही हा. मी पहिल्यापासूनच एक्याण्णव चुकते! लहानपणी रोज चुकत होते म्हणून तर पुढे फळ्यावर सगळ्यात आधी तोच लिहीत आले, ठग ठग म्हणत आले. स्वतःलाच बजावत होते जन्मभर, मुलींना नव्हे. सगळं उलगडल्यासारखं झालं. मग त्या उजेडातच एक बारीक गार वारा आला. रोज साते गाळायचे हे मला आठवत का नव्हतं? आणि जी चूक परकराच्या वयात केली, मधली सगळी वर्षं एकदाही केली नाही, ती आज कशी आली? शेवटचं जातं, आधीचं राहतं. फळ्यावरची ती शहाणी मास्तरीण गळून गेली म्हणून तर खालची साते गाळणारी पोर वर आली नसेल? दोन्ही खरं असू शकत होतं. एकच घटना, आणि तिला दोन बाजूंनी भाग जात होता. भीती गेली नाही. फक्त तिला आता कुणाचा तरी हात लागला होता, आणि तो हात कान सोडत नव्हता. “म्हण,” उमाताई म्हणाली. “तेर सक?” “अठ्ठ्याहत्तर.” “पुढे?” “साते एक्याण्णव,” विनोदिनी म्हणाली. “शहाणी,” म्हणून तिने कान सोडला, आणि बिल्ला मात्र मुठीत ठेवला.

दारात यशराज किल्ल्या वाजवत उभा होता. “काय झालं? ओळखलं मोठ्या आत्याने?” “ओळखलं,” विनोदिनी उठली. गुडघ्यात कळ आली, ती जाईपर्यंत थांबली, म्हणजे आवाज सरळ निघेल. “यशू, इंदूरच्या डॉक्टरांकडे हिची तारीख घेतलीयस ना? तिथे दोन नावं लिहायला सांग.” “दोन? दुसरं कुणाचं?” “माझं. दोघींना तपासू दे त्यांना.” “आत्या, तू परत ते इक्यानवेचं...” “हसू नकोस,” ती म्हणाली, आणि शाळेतला आवाज निघाला म्हणून तो हसायचा थांबलाही. “कदाचित काही नसेल. तरी बघू दे. मी हिला नेतेय, ते आहेच. पण मी पक्की आहे असं समजून तू निवांत झोपू नकोस. रोज फोन कर. माझ्याशी बोल, हिच्याशी बोल. आणि मी तुला काही एकच गोष्ट दोनदा सांगितली, तर मला तोंडावर सांग. लाजू नकोस.” यशराजने किल्ल्या मुठीत आवळल्या. मग म्हणाला, “करतो, आत्या,” आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की तो घाबरला आहे, आणि त्याला घाबरलेलं पाहून तिची छाती जराशी हलकी झाली. वाईटच होतं ते, पण झाली.

गाडीत दोघी मागे बसल्या. धार मागे पडलं, लेबडचा फाटा गेला, इंदूरच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत उन्हं उतरली. उमाताई मान टाकून झोपली आणि उठली ती पुन्हा परकी होऊन. “आपण कुठे निघालोत, बाई?” “देवासला.” “तिथे कोण आहे?” “चक्कीवर आपलं पीठ आहे,” विनोदिनी म्हणाली, “तुमच्या मुठीतला बिल्ला दाखवला की मिळेल.” ते उमाताईला पटलं. तिने मूठ उघडून पाहिली, मिटली. क्षिप्रेचा पूल ओलांडला, बाहेर दुकानांचे दिवे लागू लागले, यशराजने गाडीचे दिवे लावले, आणि त्या दिव्यांना पाहून उमाताईने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, हात जोडले. विनोदिनीनेही जोडले. पाढे वगैरे काही नाही, उमाताई एकदम शेपटावरच आली. “सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.” विनोदिनी म्हणाली, त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. “सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव,” म्हणून उमाताईने तिच्याकडे तिरपं पाहिलं. विनोदिनीचं मन त्या तिरप्या नजरेत अडकलं आणि पुढचं सुटलं. काहीच नव्हतं तिथे. खिडकीबाहेर एक ट्रक गेला, त्याच्या मागचा नंबरही तिला वाचता आला नाही. “शेवटचा टाक,” उमाताई म्हणाली, रागावून नव्हे, गोष्टीतली वाट दाखवावी तसं. “अडलं की शेवटचा टाकायचा. एक टाक.” एक टाकला. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. सात हजार तीनशे त्र्याण्णव. सातशे एकोणचाळीस. “त्र्याहत्तर,” उमाताई म्हणाली आणि थांबली, कारण पुढचा धाकटीचा होता. टेकडीवरचे दिवे समोर दिसू लागले होते. विनोदिनीला तो म्हणवेना. इतकी वर्षं लहान म्हणून ज्याच्यासाठी रडलो, तो आज फार मोठा वाटत होता. त्याच्यापुढे टाकायला काही नव्हतं. “म्हणा ना, बाई,” उमाताई म्हणाली.

“सात,” विनोदिनी म्हणाली.

यशराजने आरशातून मागे पाहिलं. आणि उमाताईने, जिला बहिणीचं नाव पुन्हा आठवत नव्हतं, मुठीतला बिल्ला घट्ट धरून, विनोदिनीचा सात हवेतून तसाच उचलला.

“कोटी,” ती म्हणाली. “एकोणचाळीस लाख...”